रेडिओवर आपणही बोलू

(थेरगाव येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी रेडिओविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, रेडिओ काय आम्हांला नवा आहे?" खरे आहे. तुमच्या आई-वडिलांनी मुंबई आकाशवाणीची 'कामगार सभा' ऐकली असेल, 'आपली आवड'मधली गाणी ऐकली असतील. पुण्याचे केंद्र तर १९५३ साली सुरू झाले. पण त्या रेडिओची रीत ठरलेली होती. बोलणारे तिकडे आणि ऐकणारे इकडे. मी सांगतो आहे तो रेडिओ निराळा आहे. त्यावर तुम्ही आम्ही बोलायचे असते. त्याला सामुदायिक रेडिओ म्हणतात. सामुदायिक म्हणजे सर्वांचा मिळून.

हा रेडिओ लहान असतो. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती साधारण १०० वॅट. पूर्वी घरात शंभरचा पिवळा दिवा लावत असू ना, तेवढीच! त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. समजा, आपल्या थेरगावात असे केंद्र झाले. तर आवाज पवना ओलांडून चिंचवड-पिंपरीला जाईल. इकडे वाकड-हिंजवडीला जाईल. नगर-नाशिकला काही जाणार नाही. पण म्हणूनच ते आपले. दिल्ली-मुंबईच्या केंद्राला आपल्या गल्लीचे काय पडले आहे? या केंद्राला मात्र आपल्या गल्लीशिवाय दुसरे काम नाही.

आता ही सोय झाली कशी? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. आवाज वाहून नेणाऱ्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे त्यात सांगितले. नदीचे पाणी जसे एकट्याचे नाही, तशा या लहरीही एकट्याच्या नाहीत. पुढे २००२ साली सरकारने शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे काढायला परवानगी दिली. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिले केंद्र सुरू झाले. आपल्या पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' हे केंद्रही त्यानंतर लवकरच निघाले. २००६ साली ही परवानगी सेवाभावी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळाली.

मग काय झाले बघा. २००८ साली तेलंगणातल्या माचनूर गावी 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो भाग तेव्हा आंध्र प्रदेशात होता. हे केंद्र गरीब दलित शेतकरी बायांनी चालवून दाखवले. त्याच साली आपल्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे केंद्र निघाले. माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. तेथल्या बाया रेडिओवर बोलू लागल्या, गाऊ लागल्या. त्यांतली एक बाई तर अशी, की तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण गळा गोड आणि पाठांतर दांडगे. तिची गाणी लोक कान देऊन ऐकू लागले. तुम्हांला तर आता वाचताही येते. मग तुम्ही मागे का राहावे?

अशा केंद्रावरचा सर्वांत रंगतदार प्रकार म्हणजे थेट कार्यक्रम. थेट म्हणजे आधी ध्वनिमुद्रण करून ठेवायचे नाही. तिकडे बोलले की त्याच क्षणी इकडे ऐकू आले. त्यात सगळे थोडे थोडे असते. एक गाणे, एक उखाणा, एक कोडे. मग परिचारिकाबाई येतात आणि पावसाळ्यात पाणी उकळून का प्यावे ते सांगतात. मग कोणी रिक्षावाला आपला अनुभव सांगतो. मग पाच मिनिटांची नाटिका होते. मधूनच एखाद्या ऐकणाऱ्याचा फोन येतो.

तुम्ही म्हणाल, ही सरमिसळ कशाला? अहो, ही रीत आपलीच आहे. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग असे असते की नाही? एकाच पदार्थाने ताट भरत नाही. भाकरीबरोबर कालवण हवे, चटणी हवी. नुसता उपदेश केला तर माणूस उठून जातो. गाण्याच्या जोडीने सांगितलेली गोष्ट मनात राहते.

याचा पुरावाही आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने एक प्रयोग केला. सुमारे १५० खेड्यांत श्रोतृमंडळे काढली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम होई. त्यात संवाद असत, मुलाखती असत, नाटुकलीही असत. ऐकून झाले की मंडळी आपसांत चर्चा करत. अडलेले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळे. नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेने तपासणी केली. ज्या गावांत अशी मंडळे होती, तेथल्या लोकांचे ज्ञान इतर गावांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. म्हणजे ऐकून गप्प बसण्यापेक्षा ऐकून बोलणारा अधिक शिकतो.

परवा वर्गात एक मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, आमच्यापाशी काय हाय सांगन्यासारखं? आमचं कोन ऐकनार?"

मावशी, ऐका. तुमच्या आईने जात्यावर ओव्या म्हटल्या असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ या दोघांनी सहकाऱ्यांच्या मदतीने अशा ओव्या गोळा केल्या. सुरुवात आपल्या शेजारच्या मुळशी-मावळच्या खेड्यांतूनच झाली. एक लाखाच्या वर ओव्या जमल्या! विद्वान माणसे त्यांचा अभ्यास करतात. आणि तुम्ही म्हणता, आमच्यापाशी काय आहे? घरोघर गिरणीचे पीठ आले. जाते कोपऱ्यात गेले. आता त्या ओव्या तुमच्या ओठांवर आहेत तेवढ्याच. तुम्ही गायल्या नाहीत, तर तुमच्या सुनेला त्या कोण शिकवणार?

दुसरे असे. आपले थेरगाव आता नावालाच गाव आहे. कारखान्यांच्या पायी येथे मराठवाड्यातून माणसे आली, खानदेशातून आली, विदर्भातून आली. एका चाळीत दहा जिल्हे नांदतात. कोणाची पहिली पाळी, कोणाची रात्रपाळी. शेजाऱ्याचे नाव शेजाऱ्याला ठाऊक नाही. दारावर दार, पण मनाला मन नाही. अशा वस्तीत परभणीकडच्या बाईने रेडिओवर आपल्याकडचे गाणे म्हटले आणि पलीकडच्या खोलीतल्या बाईने ते ऐकले, तर दुसऱ्या दिवशी नळावर ती आपण होऊन बोलेल. माणसे अशीच एकमेकांची होतात.

कोणी तरुण विचारील, "मोबाईल असताना रेडिओ कशाला?" बाबा रे, मोबाईलवर साऱ्या जगाचे दिसते. पण उद्या आपल्या भागात पाणी येणार नाही, हे तेथे शोधत बसावे लागते. पुन्हा खरे-खोटे कळत नाही. लहान केंद्राला स्वतःच्या बातम्या काढता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या लावता येतात. पण पाणी, वीज, हवामान, पुराचा इशारा, नोकरीची माहिती हे सारे सांगता येते. आणि रेडिओ ऐकताना हात मोकळे राहतात. भाकऱ्या थापता येतात, कपडे शिवता येतात.

आता सावधगिरीचे सांगतो. थेट कार्यक्रमात सुटलेला शब्द परत घेता येत नाही. धनुष्यातून बाण सुटला तो सुटला. म्हणून कोणाच्या जातीधर्माला लागेल असे बोलू नये. भांडणे तेथे नेऊ नयेत. ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगू नये. औषध सांगायचे ते डॉक्टरने सांगावे. केंद्राला आपले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. म्हणजे कोण काय बोलले, ते पुन्हा तपासता येते.

तयारी कशी करावी? काय सांगायचे ते पाच ओळींत लिहून काढा. अक्षर मोठे काढा. घरी दोनदा मोठ्याने वाचा. ध्वनिक्षेपकापासून वीतभर अंतर ठेवा. कागद खुळखुळू देऊ नका. बांगड्या वाजत असतील तर हात स्थिर ठेवा. मोबाईल बंद करा. खूण झाली की बोला आणि वेळ संपली की थांबा. चूक झाली तर घाबरू नका, "माफ करा" म्हणून पुढे चला. घरच्यासारखेच बोला. "हाय" म्हणत असाल तर "हाय" म्हणा. पुस्तकी बोलायचा अट्टाहास नको. लोकांना तुमचा आवाज हवा आहे.

आपला हक्क आहे, एवढे म्हणून भागत नाही. विहीर आपली असली तरी पोहरा टाकल्यावाचून पाणी वर येत नाही. तेव्हा पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने पाच ओळी लिहून आणाव्या. एक ओवी चालेल, एक कोडे चालेल, आपल्या गावची एक आठवण चालेल. आपण त्या एकमेकांना वाचून दाखवू. त्यांतून अर्ध्या तासाचा कार्यक्रम बसवू. मग जवळच्या एखाद्या केंद्राला आपल्याच हाताने पत्र लिहू, "आम्हांला बोलायचे आहे, वेळ द्या." पत्राखाली सर्वांच्या सह्या असतील. अंगठा एकाचाही नसेल.