पहिल्या वर्षाचा वर्ग मागून घ्या

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

तुमचं कौतुक करायला घरची माणसं आली आहेत, ते काम त्यांच्यावर सोपवते. मी बेंगळुरूहून आले आहे ती पहिल्या वर्षाबद्दल बोलायला. तुमचं पहिलं वर्ष केव्हाच संपलं. पण दोन महिन्यांनी याच आवारात नवी मुलं येतील, आणि तुमच्यातले काही जण लवकरच कुठे ना कुठे शिकवायला उभे राहतील.

मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं, बहुतेक काळ बेंगळुरूत. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेला जुनी माणसं अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात. जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९०९ साली ती स्थापन झाली. १९११ मध्ये पहिली तुकडी आली तेव्हा विद्यार्थी होते अवघे २४. आज तिचा पसारा पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण सुरुवात तुमच्या या विद्यापीठापेक्षाही लहान होती.

१९३३ साली तिथे एका मराठी मुलीने अर्ज केला. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आलेली. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे घरून अडवण्याचा प्रश्नच नव्हता. अडवलं ते संचालकांनी, म्हणजे सी. व्ही. रामन यांनी. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारला. ही मुलगी थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करीन म्हणाली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीबेरात्रीसुद्धा, काम करायचं. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

ही तिसरी अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. हा अपमान होता, आणि कमलाबाईंनी पुढे तो अपमान म्हणूनच सांगितला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभरानंतर रामन यांची खात्री पटली आणि नियमित प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम करून त्यांनी एम.एस्सी. घेतली. मग केंब्रिज. १९३९ मध्ये विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून आपण कमला सोहोनींचं नाव घेतो. नीरेवरचं त्यांचं संशोधन आणि ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध केलेलं काम हा एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आपल्याकडे ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक माणूस दिसतो, एम. श्रीनिवासय्या, तिचे मार्गदर्शक. कडक होते, भरपूर राबवून घ्यायचे, पण हातचं काही राखून न ठेवता शिकवायचे. संस्था जिला विद्यार्थी मानायला तयार नव्हती, तिला या माणसाने पहिल्या दिवसापासून विद्यार्थी मानलं. ते वर्ष अशा शिक्षकाच्या हाताखाली गेलं नसतं तर? जिद्दीची मुलं मी खूप पाहिली आहेत. त्यांच्यातल्या किती जणांना श्रीनिवासय्या भेटले, हा माझा प्रश्न आहे.

आता माझ्या पाहण्यातलं सांगते. बेंगळुरूजवळच्या एका लहान खासगी विद्यापीठात मी काही काळ शिकवत होते. नाव घेत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यातून एक मुलगी आली होती. मराठी माध्यमातली. रात्रीच्या बसने मॅजेस्टिक बसस्थानकावर उतरली ती थेट पीजीत आणि तिथून वर्गात. कन्नड मोडकंतोडकं, इंग्रजी त्याहून कमी. वर्गात तोंड उघडत नसे.

डाळीतली प्रथिनं मोजायची जुनी केल्डाल पद्धत तुमच्यातल्या विज्ञानाच्या मुलांना माहीत असेल. डाळीचं पीठ तीव्र गंधकाम्लात उकळायचं. आधी ते काळंकुट्ट होतं, फेसाळतं, मग हळूहळू नितळ होतं. मोरचूद घातलेला असला तर फिकट हिरवं-निळं दिसतं. तो रंग आला की मुलं बर्नर बंद करून मोकळी होतात. ही मुलगी मात्र फ्लास्ककडे बघत उभी होती. मला हळूच म्हणाली, “मॅडम, रंग गेला, पण आतून शिजलं असेल का? आमच्याकडे तूर वरून मऊ दिसते आणि बोटाने दाबली की कच्ची लागते.”

प्रश्न अचूक होता. नितळ झाल्यावरही ते बराच वेळ उकळावं लागतं, नाहीतर नायट्रोजन कमी भरतो आणि त्याला ६.२५ ने गुणून काढलेला प्रथिनांचा आकडा खोटा पडतो. एम.एस्सी.च्या मुलांना हे मी बजावून सांगते तरी ती विसरतात. या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर तिच्या वर्गाला शिकवणाऱ्या कंत्राटी शिक्षिकेची मुदत संपली. ती वाढवली नाही. मुलांची नावं, गावं, अडचणी त्या एकटीला ठाऊक होत्या. महिना-दीड महिना वर्ग असाच गेला. मुलगी सहामाहीत इंग्रजीत नापास झाली, घरी गेली, ती परत आली नाही. मी कार्यालयात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की पहिल्या वर्षाची गळती दरवर्षी एवढीच असते. मला ते उत्तर आजही सहन होत नाही.

ही एका विद्यापीठाची गोष्ट नाही, आमच्या पेशाचीच खोड आहे. नाव झालेला प्राध्यापक वरच्या वर्गांना शिकवतो, संशोधनाचे विद्यार्थी घेतो, शोधनिबंधांवर बढती मिळवतो. पहिलं वर्ष मिळतं नुकत्याच लागलेल्याला, तासिका तत्त्वावरच्याला, ज्याला जूनमध्ये आपण इथे असू का हेच माहीत नसतं. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत मोडका तराजू, आणि चांगली उपकरणं कुलपात. पहिल्या वर्षाला जीव ओतून शिकवलं म्हणून कुणाची बढती झालेली मी पाहिली नाही.

दारातून आत घेणं वेगळं आणि आपलं मानणं वेगळं, हे बेंगळुरूनेच दाखवलं आहे. कमलाबाईंच्या मागून ॲना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काही वर्षं काम केलं, प्रबंध लिहिला. मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. पुढे त्यांनी भारतीय हवामान खात्यातली उपकरणं देशात बनवायला घेतली आणि त्या खात्यात फार वरच्या पदावर पोचल्या. पण ती पदवी राहिली ती राहिलीच.

लहान विद्यापीठाला एक गोष्ट जमते जी मोठ्याला जमत नाही. इथे प्रत्येक मुलाचं नाव शिक्षकाला ठाऊक असू शकतं. एखादी मुलगी आठवडाभर दिसली नाही तर फोन जाऊ शकतो. कुलगुरू महाशय, पाहुणी म्हणून आले असले तरी मागते: पहिल्या वर्षाचे शिक्षक वर्षाच्या मध्ये बदलू नका, आणि तुमचे सगळ्यात अनुभवी प्राध्यापक तिथे पाठवा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यातलं जे कुणी शिकवायला जाईल, त्याने वेळापत्रक ठरत असताना विभागप्रमुखांकडे जावं आणि पहिल्या वर्षाचा वर्ग मागून घ्यावा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ करावीत. जे बोलत नाहीत त्यांची आधी.