फिरत्या संसारातील मुलांचे मन
(ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसंबंधी शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील अनेक वस्त्या ओस पडू लागतात. तोडणीच्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेले असे असंख्य कोयते पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोयत्यांची मोजदाद होते, उचलीची नोंद होते, उसाचे वजन होते. त्यांच्यासमवेत जाणाऱ्या, अथवा मागे राहणाऱ्या मुलांच्या मनाचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुलाच्या आरोग्याचा विषय निघाला की लस व आहार आठवतात. मनालाही आरोग्य असते, आणि त्याचा पाया बालवयातच घातला जातो. ओळखीचे माणूस, दिवसाचा ठरलेला क्रम आणि उद्या काय होणार याची कल्पना या तीन गोष्टी मुलाच्या मनाला स्थैर्य देतात. तोडणीच्या तळावर या तिहींनाही धक्का बसतो. आईवडील पहाटेच फडात जातात. वाहन भरण्यासाठी रात्री-अपरात्रीही त्यांना उठावे लागते. आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्या भावंडांची आई होते. फड संपला की तळ हलतो, आणि नुकताच जमलेला खेळगडी सुटतो. कर्नाटकात गेलेल्या मुलाला पुष्कळदा शाळेची भाषाही परकी असते.

आजी-आजोबांपाशी राहिलेल्या मुलांची शाळा टिकते, पण आईवडिलांचा सहवास कित्येक महिने अंतरतो. मूल रडू नये म्हणून ते झोपेत असतानाच निघून जाण्याची रीत अनेक घरांत आहे. हेतू मायेचा असला तरी परिणाम विपरीत होतो. जागे झाल्यावर आई दिसली नाही, की पुढे कोणत्याही क्षणी कोणीही नाहीसे होईल, ही धास्ती मुलाच्या मनात घर करते. सांगून निरोप घेतल्यास मूल रडेल खरे, परंतु त्याचा विश्वास शाबूत राहील.

मूल आपले दुःख शब्दांत क्वचितच सांगते. सुटलेली सवय पुन्हा लागून अंथरूण ओले होणे, कारणावाचून पोट दुखणे, झोपेत दचकणे, बोलणे कमी होणे, लहानसहान गोष्टींवरून मारामारीवर येणे, ही त्याची भाषा होय. हंगामानंतर वर्गात गप्प बसणारे मूल मंद असतेच असे नाही. त्याला 'ढ' म्हणणे हा अन्याय तर आहेच, शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. निघण्यापूर्वी शिक्षकाने मुलाला वर्गासमोर निरोप द्यावा, त्याची वही-पुस्तके बरोबर द्यावीत आणि 'तुझी जागा राखून ठेवली आहे' असे सांगावे. शिक्षण हमी पत्रक त्याच्या हाती असावे. दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेस प्रवेश देण्यात विलंब करता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे. तळाजवळच्या शाळेतील शिक्षकाने त्या मुलाला नावाने हाक मारावी आणि एक सोबती नेमून द्यावा. अंगणवाडीत धाकट्यांची सोय झाली, तर थोरल्या बहिणीला शाळेत जाता येते. म्हणून भावंडांचा विचार एकत्रच व्हावा.

आईवडिलांना दिवसाकाठी वेळ थोडा मिळतो. तरीही रात्रीची भाकरी एकत्र खाणे, निजताना दोन गोष्टी बोलणे, पुढचा तळ कोठे पडणार हे आधी सांगणे आणि घरची एखादी आवडती वस्तू बरोबर नेऊ देणे, एवढे त्यांना जमण्यासारखे आहे. मागे राहिलेल्या मुलाशी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दूरध्वनीवर बोलावे. ठरलेली वेळ पाळली जाणे हाच मुलाला मोठा आधार असतो.

पंचायतीचे कामही मोठे आहे. स्थलांतराच्या काळात मुलांना गावातच राहता यावे यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. 2021 मध्ये राज्य शासनाने ऊसतोडणी कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तथापि वसतिगृह म्हणजे केवळ निवारा नव्हे. तेथे मुलांची विचारपूस करणारे कायमचे माणूस हवे. लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, किंवा मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर देवऋषाकडे न जाता तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र वा जिल्हा रुग्णालय गाठावे. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालतो. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर आणि तळावर ठळक लिहिले जावेत.

स्थलांतर थांबण्यासाठी पाणी व रोजगार गावात यावा लागेल, आणि त्याला काळ लागेल. मुलाचे बालपण मात्र तोवर थांबणार नाही. म्हणून येत्या दसऱ्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेने जाणाऱ्या व मागे राहणाऱ्या मुलांची नावनिशीवार यादी करावी, प्रत्येक मुलामागे गावातील एक जबाबदार व्यक्ती नेमावी, आणि हंगाम संपताच त्या यादीतील प्रत्येक मूल शाळेत परतल्याची खातरजमा करावी.