देहबोली वाचताना झालेली एक चूक



संयोजकांनी मला ‘देहबोली’ या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा आधी हसूच आलं. फळ्यापुढे उभं केलं की वेणीचं टोक चघळणारी मुलगी मी. नोकरीही सॉफ्टवेअरची, म्हणजे माणसांच्या तोंडाकडे कमी आणि पडद्याकडे जास्त बघायची. पण गेली काही वर्षं मी एक टीम सांभाळते आणि त्यात माझ्याकडून एक चूक झाली. आज तीच सांगते.

आमच्याकडे एक नवीन मुलगा आला होता. कामाला चांगला. पण मीटिंगमध्ये रोज त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मान तिरकी करून बसायचा. मी बोलताना डोळ्यांकडे न बघता भलतीकडेच बघायचा. विनोद झाला की सगळे हसायचे, हा नंतर हसायचा. मागून हाक मारली तर वळायचासुद्धा नाही. मी नुकतंच देहबोलीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले होते. हाताची घडी म्हणजे विरोध, नजर चुकवली म्हणजे काहीतरी लपवतोय, असं सगळं वहीत लिहून आणलं होतं. त्या हिशोबाने मी ठरवून टाकलं, की हा शिष्ट आहे. वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये ‘संवादात रस नाही’ असा शेरा दिला. त्याचं इन्क्रिमेंट कमी झालं.

दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. शेवटच्या बोलण्यात तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवा कान तुमच्याकडे यावा म्हणून मी तसा बसायचो. ओठ बघितले की शब्द नीट कळतात.”

मी म्हटलं, “अरे, मग सांगितलं का नाहीस?”

“नोकरी नवीन होती, मॅडम. भीती वाटली. आणि कुणी विचारलंही नाही.”

मी एचआरकडे जाऊन शेरा बदलायचा प्रयत्न केला. त्या वर्षाचं रेटिंग बंद झालं होतं. मुलगा गेला.

त्यानंतर मी या विषयावर जरा नीट वाचलं. तुम्हीही ऐकलं असेल, की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले. त्यात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवला होता आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. प्रश्न एवढाच होता, की बोलणाऱ्याची आवडनिवड कळवताना शब्द एक सांगत असेल आणि स्वर किंवा चेहरा दुसरंच, तर लोक कशावर विश्वास ठेवतात. आकडे सगळ्या संवादाला लागू नाहीत, हे मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय. तरी ट्रेनिंगमध्ये ते पहिल्याच स्लाइडवर असतात.

दुसरी गोष्ट खोटं ओळखण्याची. बाँड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी २००६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे सांगताना माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी ५० येतात!

आणि खुणा सगळीकडे सारख्याही नसतात. आपण मान डुलवतो त्याचा अर्थ ‘हो’, की ‘बरं’, की ‘बघू’, हे परदेशी क्लायंटला कळत नाही. व्हिडिओ कॉलवर तर आणखी गंमत. समोरच्याच्या डोळ्यांत बघायला गेलं, की त्याला आपण खाली बघतोय असं दिसतं, कारण कॅमेरा वर असतो.

मग देहबोली बघायचीच नाही का? बघायची. पण आधी त्या माणसाची नेहमीची सवय काय आहे ते बघायचं. नेहमी बडबडणारा गप्प झाला, तर त्याला अर्थ आहे. एका खुणेवरून काही ठरवायचं नाही. आणि जे दिसलं त्याचा निकाल न लावता त्याचा प्रश्न करायचा. आता मी टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात विचारते, “काम नीट व्हायला तुला काय लागेल?”

खरं तर हे मला याच शाळेत शिकवलं गेलं होतं. सातवीत मी शेजारणीच्या वहीत बघून लिहायचे. एका सरांनी ‘कॉपी करते’ म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आठवडाभराने आपल्या गणिताच्या बाईंनीही तेच बघितलं: डोळे बारीक करून फळा बघणं, मग शेजारच्या वहीत डोकावणं. मधल्या सुट्टीत बाई बाकाजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “फळ्यावरचं दिसतं का गं तुला?”

मी रडायलाच लागले. बाईंनी घरी चिठ्ठी दिली, बाबा डॉक्टरांकडे घेऊन गेले, चष्मा लागला. लिहिताना खडूची पूड खाली पडते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

सरांना आणि बाईंना दिसलं ते एकच होतं. बाईंनी विचारलं. बाई, तुम्ही पुढच्या रांगेत बसल्या आहात. तुमचा तो प्रश्न मी त्या मुलाला विचारायला विसरले, म्हणून आज सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. त्याची मागून झाली आहे.

आता जेवायला जाऊ. इतक्या वर्षांनी भेटतोय आपण. कुणी कोपऱ्यात गप्प दिसलं, तर ‘भाव खातोय’ असं म्हणू नका. ताट घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि विचारा.