माणसं मोजा

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, प्राचार्यांनी ‘वाहतूक अभियांत्रिकीतल्या संधी’ यावर बोलायला सांगितलंय, ते आधी उरकतो. मेट्रो आहे, महामार्ग आहेत, एमएमआरडीए, रेल्वे प्रकल्पांची एमआरव्हीसी, सल्लागार कंपन्या आहेत. पुढे शिकायचं तर पवईला आयआयटी, नागपूरला व्हीएनआयटी. नोकरी मिळेल. पहिला पगार मात्र कॉम्प्युटरवाल्या मित्राला सांगू नका.

आमच्या वेळी हुशार मुलं स्ट्रक्चरला जायची. आम्हाला रस्त्याच्या कडेला मोजणीला बसवायचे. नव्वदीत मी उल्हासनगरच्या सतरा सेक्शनच्या चौकात पॅड घेऊन बसलोय. एका गाडीला एक रेघ, पाचवी आडवी. दुपारपर्यंत कागद घामाने मनगटाला चिकटायचा. कापडाच्या गाठी लादलेल्या हातगाड्या तर सारख्या येत-जात. मग ऑफिसात बसून त्या रेघांचे पीसीयू करायचे, म्हणजे प्रत्येक वाहन किती मोटारींबरोबर ते मांडायचं. तुम्हाला पाठच असेल: मोटार एक, स्कूटर अर्धी, बस तीन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) १९९० च्या ६४ क्रमांकाच्या पुस्तिकेत हातगाडीलाही तीनच आहेत, बैलगाडीला आठ. ती पुस्तिका खरं तर गावाबाहेरच्या रस्त्यांची, पण आमच्या साहेबांना चौकातही तीच हवी असायची. म्हणजे साठ माणसं कोंबलेली बस आणि एकट्या हमालाची हातगाडी, कागदावर दोन्ही सारख्याच. हिशेब चूक नाही. कोण किती रस्ता अडवतो, एवढंच तो सांगतो. पायी चालणाऱ्याला मात्र त्या तक्त्यात ओळच नाही.

पुढे एका रस्त्याच्या अहवालाला मी स्टेशनकडे चालत जाणाऱ्यांची मोजणी जोडली, दोन्ही बाजूंना फुटपाथ मांडला. मंजुरी देणारे साहेब म्हणाले, ‘ही माणसं कुठल्या कॉलममध्ये धरू?’ फुटपाथ एस्टिमेटमधून उडाला. दुभाजकातली झाडं राहिली. अजून आठवलं की डोकं फिरतं.

रेल्वेवाल्यांनी निदान माणसं मोजली. लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी! त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव दिलं आणि कोष्टकात बसवलं. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्यादरम्यान दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मेले, ते याच कोष्टकातले. बदलापूरहून सकाळी निघणाऱ्यांना हे मी काय सांगणार?

माझा आग्रह एकच, आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगणार. सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरण्याआधी चौकात जाऊन उभे राहा आणि माणसं मोजा. कॉलम नसेल तर आखा. साहेब खोडतील, पुढच्या अहवालात परत आखा.

एक उदाहरण घ्या. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या रेल्वे मार्गिकेबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन व्हायचंय. रूळ-फलाटांचे नकाशे असतीलच. पण कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन बाहेर पडलेल्या बाईने कुठून चालायचं, शेअर रिक्षाची रांग कुठे लागायची, हे आत्ताच विचारा. रेल्वे म्हणेल नगरपालिकेला विचारा, नगरपालिका म्हणेल रेल्वेला. दोघांनाही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.