योगाभ्यासाची पहिली पायरी

(श्रीभैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात गावातील एका निवृत्त शिक्षकांनी सभामंडपात केलेले भाषण)



समितीने मला योगाभ्यासावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी योगी नाही, वैद्य नाही. मी एक साधा प्राथमिक शिक्षक. साठीच्या उंबरठ्यावर मी हा अभ्यास सुरू केला. त्यात चुकले फार, साधले थोडे. दोन्हीही आपल्यापुढे ठेवतो. पुढे ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांना माझ्या चुकांचा तरी उपयोग होईल.

संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरविला, आणि २०१५ साली तो प्रथम साजरा झाला. त्या दिवशी आपल्या शाळेचे पटांगण कसे भरले होते ते आपणांस आठवत असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण उरलो. आठवड्याने दोघे. त्या दोघांतला दुसराही पेरणी आली म्हणून गेला, तो परत आला नाही. मी मात्र राहिलो. माझी भक्ती मोठी म्हणून नव्हे, माझी कंबर धरली होती म्हणून!

एकटा पडलो तेव्हा पुस्तक आणले. त्यात शीर्षासनाचे चित्र होते. मनात आले, सर्वांत अवघड तेच सर्वांत गुणकारी असणार. तिसऱ्या दिवशी मान अशी धरली की पंधरा दिवस मला मागे वळून कोणाला हाक मारता येईना. मुलांना आधी बाराखडी आणि मग बाराखडीवरून शब्द असे शिकविण्यात माझा जन्म गेला. स्वतःच्या बाबतीत मात्र मी एकदम शेवटचा धडा उघडला. तेव्हा पहिली गोष्ट ही, की आरंभी पुस्तक गुरू करू नये. जाणत्या माणसाच्या डोळ्यांसमोर बसून शिकावे. मलाही पुढे साताऱ्यास एक योगशिक्षक भेटले. दर रविवारी एस.टी.ने जाऊन मी त्यांच्याकडे बसू लागलो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाला जागा कशी असावी, आसन कसे घालावे, याचे सविस्तर वर्णन आहे. आपण दरवर्षी पारायण करतो, पण तो अध्याय आला की बहुतेकांना पेंग येते, हे मी चोपदाराच्या बाजूला बसून पाहिले आहे. औंध तर आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत, आणि संस्थानातील शाळांत त्यांनी ते सुरू केले. आमचे वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकले होते. ते नांगर धरण्याआधी सूर्याला नमस्कार घालीत. आम्ही मुले हसत असू.

अलीकडच्या काळात ही विद्या आश्रमातून सामान्य माणसाच्या घरी आणण्याचे मोठे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींचे दोन शिष्य. एक श्रीयोगेंद्र, त्यांनी १९१८ साली मुंबईत वेसाव्याला योगसंस्था काढली, ती आज सांताक्रूझला आहे. दुसरे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण आणि रक्तदाबाची यंत्रे लावून तपासले. नुसते "ऋषी सांगून गेले" म्हणून ते थांबले नाहीत. तिसरे बी. के. एस. अय्यंगार. बालपणी आजारांनी खंगलेले हे गृहस्थ १९३७ साली पुण्यास शिकवावयास आले आणि २०१४ साली निधन होईपर्यंत पुणेकरच राहिले. ज्याला वाकता येत नाही त्याला त्यांनी खुर्चीचा, भिंतीचा, पट्ट्याचा आधार दिला. म्हणून म्हाताऱ्या माणसानेही "मला जमणार नाही" असे म्हणू नये.

आता आपल्या गावात नेहमी निघणारी शंका. "गुरुजी, आम्ही दिवसभर शेतात राबतो. आम्हांला वेगळा व्यायाम कशाला?" शंका रास्त आहे. पण खुरपणी करणारी बाई पहा, ऊस तोडणारा गडी पहा. दिवसभर शरीर एकाच बाजूला, पुढे वाकलेले. पाठ मागे कधी नेली, छाती कधी मोकळी केली, असे विचारले तर उत्तर येत नाही. बैलालासुद्धा आपण संध्याकाळी जूं काढून मोकळा करतो. आसन म्हणजे आपल्या शरीराचे जूं काढणे. आणि पुण्या-मुंबईची मंडळी खुर्चीत बसून पुढे वाकतात, एवढाच काय तो फरक!

नवशिक्याने आरंभ कसा करावा, तेही थोडक्यात सांगतो. पहाटेची वेळ उत्तम. पोट रिकामे असावे. संध्याकाळी करावयाचे तर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. जागा सपाट, वाऱ्याची पण झोताची नव्हे. खाली सतरंजी किंवा घोंगडी पुरे. प्रथम सरळ उभे राहून हात वर ताणावे, हे ताडासन. मग उताणे निजून एकेक गुडघा पोटाशी घ्यावा, हे पवनमुक्तासन. पालथे निजून हळूच छाती उचलावी, हे भुजंगासन. शेवटी पाच मिनिटे शवासन. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी वज्रासनात बसावे, ज्यांचे दुखतात त्यांनी खुर्चीवर ताठ बसावे. त्यात कमीपणा नाही. मग एका नाकपुडीने श्वास घ्यावा, दुसरीने सोडावा, पुन्हा त्याच दुसरीने घेऊन पहिलीने सोडावा. आरंभी श्वास कोंडून धरू नये. सारे मिळून वीस मिनिटे झाली की उठावे. ताण जाणवावा, कळ येऊ नये. कळ आली तर तेथेच थांबावे.

ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, आणि ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. योगाने सर्व रोग बरे होतात असे छातीठोक सांगणारा कोणी भेटला, तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

येथवर आरंभाचे झाले. पण हे करावयाचे कशासाठी? मंडळी, मला खरे बोलावयाचे आहे ते याविषयी.

वर्ष-दीड वर्षात माझी कंबर मोकळी झाली. झोप लागू लागली. मी समाधानाने शिक्षकांना म्हणालो, "मला योग साधला." ते हसले. म्हणाले, "गुरुजी, शवासनात डोळे मिटले की काय दिसते?" मी गप्प राहिलो. काय दिसते हे मला पक्के ठाऊक होते. मला बांध दिसत असे.

माझे धाकटे बंधू येथे समोरच बसले आहेत. त्यांच्या परवानगीने सांगतो. आमच्या दोघांच्या वाटणीमधल्या बांधावरून अकरा वर्षे आमचे बोलणे बंद होते. एका गावात, एका आळीत राहून आम्ही एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जात होतो. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी अक्षता टाकून जेवण न करता परत आलो. म्हणजे रोज पहाटे मी आसने करीत होतो, आणि रोज पहाटे शांत पडल्या पडल्या मनात भावाशी भांडत होतो. शरीर निजलेले, मन कज्जा लढते आहे!

शिक्षकांनी मला पतंजलींची योगसूत्रे उघडून दाखविली. सुमारे १९५ सूत्रे आहेत. त्यांत आसनाविषयी जेमतेम तीन. मी थक्क झालो. ज्याला आपण सारा योग समजतो, त्याला एवढीच जागा! त्यांचे म्हणणे इतकेच, की मनुष्याला न हलता, न कुंथता बसता यावे. बसावयाचे कशासाठी, तर मनाची धावपळ थांबावी म्हणून. आणि त्यांनी योगाची आठ अंगे सांगितली, त्यांत आसन तिसरे आहे. पहिले आहे यम. त्या यमात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह या पाच गोष्टी येतात. दुसरे नियम, शुचिता आणि संतोष ही त्यातलीच. म्हणजे मी पहिल्या दोन पायऱ्या सोडून तिसरीवर उडी मारली होती. शीर्षासनाच्या वेळी केली तीच चूक, फक्त या वेळी दुखत होते ते मानेत नव्हते.

अस्तेय म्हणजे चोरी न करणे. हा शब्द मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिला होता. त्या दिवशी एस.टी.त बसून घरी येताना तो माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मंडळी, बांध मी कोरला होता. वाटणी झाली त्यानंतर दर वर्षी नांगरटीला एक-एक तास माझ्या गड्याने पलीकडे धरला, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखे केले. भाऊ बोलला तेव्हा मी त्यालाच खोटा ठरविला. मी शिक्षक, गावात माझा शब्द मोठा. लोकांनी माझे खरे धरले. आपल्यापैकी अनेकांनी धरले. आज या मंडपात उभे राहून ते मला दुरुस्त करावयाचे आहे. माझे बंधू खरे होते.

त्या दसऱ्याला मी सोने घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाय जड झाले होते. वहिनींनी, म्हणजे माझ्या भावजयीने, काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. मी जे सांगावयाचे ते सांगितले. बंधू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, जमिनीचे काय एवढे! तू आला नाहीस, त्याचे वाईट वाटे." पुढे सरकारी मोजणी करून बांध जेथल्या तेथे घातला. त्यांची अकरा वर्षे मी परत देऊ शकत नाही. पण त्यानंतर शवासनात मला झोप लागू लागली, म्हणून शिक्षक मला रागावतात, ही गोष्ट वेगळी!

या मंदिराचे काम आपण सर्वांनी पाहिले. इतकी वर्षे दर यात्रेला आपण दगडावर ऑइलपेंटचा नवा हात देत होतो, आणि देऊळ नवे झाले म्हणत होतो. या खेपेस कारागिरांनी ते थर उतरविले तेव्हा आतला काळा पाषाण दिसला, आणि पाणी कोणत्या सांध्यातून मुरत होते तेही दिसले. रंग लावून गळती थांबली नसती. माझी आसने ही त्या रंगासारखी होती. ती वाईट नव्हेत. पण आत कोठे मुरते आहे ते पाहिल्यावाचून त्यांचा उपयोग कंबरेपुरता.

म्हणून नव्याने आरंभ करणाऱ्यास माझे सांगणे एवढेच. वीस मिनिटे करा, पण रोज करा. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा, मनाला खात बसू नका. आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःला एकच विचारा: माझा राग थोडा उतरला का? घरातली माणसे मला पूर्वीइतकीच भितात का? ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याचे नाव निघाले की माझा श्वास अजून जोरात चालतो का? पाय डोक्यामागे गेला की नाही, हे कोणी विचारणार नाही.

समितीने हा सभामंडप पहाटे साडेपाचपासून मोकळा ठेवण्याचे मान्य केले आहे, त्याबद्दल मी ऋणी आहे. भगिनींसाठी दुपारी तीनची वेळ ठरली आहे. घरून एक सतरंजी आणावी. पावती फाडावयाची नाही, वर्गणी नाही. पहिल्या दिवशी किती येतील याची मला चिंता नाही. पेरणी झाल्यावर किती उरतील ते पाहू. दोघे नक्की आहेत. एक मी. दुसरे माझे बंधू. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासाठी मी खुर्ची आणून ठेवली आहे.

श्रीभैरवनाथ आपणा सर्वांस आरोग्य आणि मनाचे समाधान देवो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवितो.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!