संख्या कमी, पण नोंद पक्की

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा रुक्ष आहे. सभागृहातले अल्पमत आणि कामकाजाचे नियम. नाव ऐकूनच दोघा-तिघांनी आम्हाला चहा किती वाजता आहे ते विचारून घेतले. तरीही हा विषय मुद्दाम निवडला आहे, कारण निवडणूक झाली की आपल्या वस्त्यांमधून एकच वाक्य ऐकू येते : "आता त्यांचेच राज्य. आपले चार निवडून आले काय आणि न आले काय!"

आकडे पाहिले तर हे बोलणे खोटे वाटत नाही. २०२१ मध्ये सुरत महानगरपालिकेच्या १२० जागांपैकी ९३ भारतीय जनता पक्षाला आणि २७ आम आदमी पक्षाला मिळाल्या. काँग्रेसला एकही नाही. त्या २७ मधलेही काही जण पुढे समोरच्या बाकांवर जाऊन बसले. २०२२ मध्ये गुजरात विधानसभेच्या १८२ पैकी १५६ जागा भाजपला गेल्या. काँग्रेसला १७ मिळाल्या, म्हणजे दहा टक्केही नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेतेपद नाकारले गेले. २०२४ मध्ये महाराष्ट्रात २८८ च्या सभागृहात विरोधातल्या एकाही पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही.

पण हे एका पक्षाचे गाऱ्हाणे नव्हे. आपल्या मंडळात सगळ्या पक्षांचे लोक आहेत, त्यांनी हेही आठवावे की १९८५ मध्ये याच गुजरातेत काँग्रेसचे १४९ आमदार होते आणि भाजपचे ११. पारडे फिरते. म्हणून अल्पमताचे हक्क ही कोणा एकाची सोय नाही, आळीपाळीने सगळ्यांचीच आहे.

मग थोडक्यांच्या हाती असते तरी काय? मतदान जिंकणे त्यांच्या हाती नसते, हे आधी मान्य करू. त्यांच्या हाती असते ते सत्तेला उत्तर द्यायला लावणे आणि ते उत्तर नोंदीत आणणे. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. तोंडी बोललेले आमच्याकडे चालत नाही. व्हाउचर हवे, सही हवी, तारीख हवी. सभागृहाचेही तसेच आहे.

सुरुवात १९०१ पासून करू. सुरत जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. छप्पन्नच्या दुष्काळाने गुजरातचा शेतकरी मोडला होता. सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्या-गहाण ठेवण्याचा हक्क द्यायचा नाही, असा तिचा रोख. सावकारापासून शेतकऱ्याला वाचवतो, असे सरकारचे म्हणणे. कौन्सिलात सरकारचे बहुमत पक्के. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे मोजके सहकारी विधेयकावर बोलले, घाई करू नका म्हणाले. ऐकले गेले नाही, तेव्हा ते सभागृहातून उठून गेले. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

आपल्या देशातल्या सभात्यागाचे हे फार जुने उदाहरण. त्यातली एक बाब लक्षात घ्या. ते आधी बोलले, मुद्दे मांडले, सूचना दिली, आणि सगळे संपल्यावर उठले. आज पुष्कळदा उलटे दिसते. कामकाज सुरू होताच घोषणा, दहा मिनिटांत सभात्याग, बाहेर कॅमेऱ्यापुढे बाइट. आत मात्र वीस विषय एका आवाजात मंजूर. रिकाम्या बाकांची इतिवृत्तात काय नोंद होणार?

आता ज्यांचे नाव या सभेत घेतलेच पाहिजे असे एक गृहस्थ. गणेश वासुदेव मावळंकर, आपले दादासाहेब. मूळ घराणे रत्नागिरीकडचे, जन्म १८८८ चा बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. गुजरातमधल्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे हे नाव. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी ६६ विरुद्ध ६३ अशी जिंकली. अवघी तीन मते! १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्षपद मात्र ३९४ विरुद्ध ५५ मतांनी मिळाले. समोर उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. तेही मराठीच, आणि हरणार हे ठाऊक असूनही उभे राहिलेले.

दादासाहेबांनी विरोधकांना सगळे काही दिले असे नाही. विरोधी गटाला 'पक्ष' म्हणून मान्यता हवी तर सभागृहाच्या एक दशांश सभासद हवेत, हा दंडक त्यांच्याच काळातला. स्थगन प्रस्ताव ते सहसा मान्य करीत नसत, म्हणून विरोधक चिडत. डिसेंबर १९५४ मध्ये तर त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला आणि फेटाळला गेला. पण त्यावर चर्चा झाली. अध्यक्षावरही ठराव आणता येतो, हे त्या नव्या लोकसभेने पाहिले.

आणि त्याच दादासाहेबांनी १९५३ मध्ये एक अशी समिती नेमली, जी आमच्या कारकुनी मनाला फार आवडते. सरकारी आश्वासन समिती. मंत्री सभागृहात म्हणतात, "प्रकरण विचाराधीन आहे", "माहिती गोळा करीत आहोत", "मी यात लक्ष घालीन." आपल्याला वाटते, वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पण लोकसभेत अशा वाक्यांची ठरलेली यादीच आहे. त्यातले वाक्य मंत्र्याने उच्चारले की ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करायचे असते. नाही केले तर समिती खात्याला विचारते. पुढे राज्यांच्या विधानसभांनीही अशा समित्या नेमल्या. म्हणजे विरोधी बाकावरच्या एकट्या सभासदाने नेमका प्रश्न विचारला आणि मंत्र्याकडून 'बघतो' एवढे जरी वदवले, तरी मागे तगादा लावायला यंत्रणा उभी आहे. तिला बहुमत लागत नाही, नेमका प्रश्न लागतो.

नेमका प्रश्न म्हणजे काय, हे १९६३ मध्ये दिसले. आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आणला. बाजूने ६२, विरुद्ध ३४७. ठराव आपटणार हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पण त्या चर्चेत राममनोहर लोहियांनी सांगितले की देशातला गरीब माणूस रोज तीन आण्यांवर जगतो. सरकारला ते खोडून काढण्यासाठी स्वतःचा आकडा द्यावा लागला, पंधरा आणे. भांडण तीन की पंधरा यावर आले आणि देशाला कळले की पंधरा म्हटले तरी ते लाजिरवाणेच आहेत. मते विसरली गेली, तीन आणे राहिले.

तिसरे नाव मधु लिमये. पुण्याचा माणूस, निवडून आला बिहारमधून, पक्ष लहानसा. नियमांचे पुस्तक त्यांना तोंडपाठ असे म्हणत. औचित्याचा मुद्दा, हक्कभंग, प्रश्न, यांतले कोणते हत्यार केव्हा काढायचे हे ते जाणत. १९७४ मध्ये पाँडिचेरीच्या आयात परवान्यांचे प्रकरण निघाले. २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन आणि त्यातल्या बहुतेकांचे म्हणणे, सही आमची नाही. सरकारकडे प्रचंड बहुमत. पण लिमये आणि इतर विरोधक चौकशीचे कागद दाखवा म्हणून अधिवेशनभर अडून बसले. शेवटी विरोधी नेत्यांना ते कागद पाहू देणे सरकारला भाग पडले.

आता दिल्लीहून सुरतेला येऊ. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबरच हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांत चालतात आणि मराठीतही. उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली भागांतल्या खान्देशी कामगारांची पोरे तिथे शिकतात. या शाळांचे पुढे काय होणार, ही चिंता आपण दर गणेशोत्सवात व्यासपीठावरून व्यक्त करतो, टाळ्या घेतो आणि विसरतो.

त्याऐवजी एक करू. ज्या कायद्याखाली आपली महानगरपालिका चालते, त्यानुसार सर्वसाधारण सभा दर महिन्याला व्हावी लागते. आपल्या प्रभागातला नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या हाती एक कागद द्यायचा. त्यावर "मराठी शाळांची उपेक्षा थांबवा" असे लिहायचे नाही. त्याला उत्तर एकच येते : उपेक्षा होत नाही. लिहायचे असे : मराठी माध्यमाच्या प्रत्येक शाळेत मंजूर शिक्षक किती, हजर किती, गेल्या पाच वर्षांत पहिलीत दाखल झालेली मुले वर्षवार किती, रिकाम्या जागा कोणत्या तारखेपर्यंत भरणार? याला 'होत नाही' म्हणता येत नाही. आकडाच द्यावा लागतो. उत्तर आले की त्याची प्रत मंडळात लावू. नाही आले तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हाती आहेच. आणि मराठी शाळेचा विषय मताला टाकला गेला, तर नगरसेवकाने मतविभागणी मागावी, म्हणजे कोण कुठल्या बाजूला उभा राहिला ते नावानिशी दिसेल. आवाजी मतदानात सगळेच लपतात.

बहुमत हे राज्य करण्यासाठी असते, ते कोणी हिरावून घेऊ नये. पण राज्य करणाऱ्याने उत्तर द्यायचे असते, आणि ते मागायला एक सभासदही पुरतो. सभासदाला प्रश्न पुरवणे हे मात्र आपले काम. पुढच्या रविवारी प्रत्येक वस्तीतून दोघांनी आपल्या भागातल्या मराठी शाळेची माहिती घेऊन यावे, प्रश्नांचा मसुदा इथेच बसून करू.

चहा तयार आहे. 

जय महाराष्ट्र, जय गुजरात, जय हिंद!