पडद्यावरचा मुका माणूस
(डोळखांब इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीत पोती उचलतो आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. सिनेमावर बोलायला याहून जास्त पात्रता लागत असेल तर ती समीक्षकांनी आपल्याजवळ ठेवावी. तिकिटाचे पैसे मी दिलेत.

मी एकच बघतो. पडद्यावर आपला माणूस बोलतो का? का त्याच्या वतीनं दुसराच कुणी बोलतो?

१९३६ चा 'अछूत कन्या' घ्या. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, जर्मन. देविकाराणीची कस्तुरी बामणाच्या पोरावर जीव लावते आणि रेल्वेखाली मरते. मिटला प्रश्न! १९५९ ला बिमल रॉयनी 'सुजाता' काढला. नूतन काळीज कापते, खोटं कशाला बोलू. पण अछूत पोरीला आई कधी मिळते? तिचं रक्त आईच्या कामी येतं तेव्हा. आणि रक्तगट जुळला नसता तर?

समांतर सिनेमावाल्यांना मी मानतो. म्हणूनच त्यांच्याशी भांडण. निहलानींचा 'आक्रोश', १९८०, लेखन तेंडुलकरांचं. लहान्या भिकू आदिवासी. बायको मारली दुसऱ्यांनी, खटला याच्यावर. ओम पुरी नुसत्या डोळ्यांनी जाळतो, पण तोंड शिवलेलं. बोलतो कोण? वकील कुलकर्णी. लहान्याचा आवाज फुटतो तो बापाच्या चितेपाशी, सख्ख्या बहिणीवर कुऱ्हाड घालून. मुकं राहा, नाहीतर आपलंच माणूस मारा. तिसरी वाटच नाही? अरे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच १९४५ ला वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ते काय मुके होते?

आता ठाकरांची पोरं पुढं बसलीत, म्हणून 'जैत रे जैत'. १९७७, जब्बार पटेल. महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत, मलाही पाठ आहेत. डोंगर देखणा, स्मिताची चिंधी देखणी. पण नाग्याची झुंज कुणाशी? मधमाश्यांच्या राणीशी! इथल्या नाग्याची झुंज वीटभट्टीवाल्याच्या उचलीशी आहे. भातसा, तानसा तुमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला. ते मी तिकडं नळाला पितो आणि उन्हाळ्यात तुमच्या आया हंडे घेऊन टँकरमागं. हा सिनेमा कुणी काढला?

मग २०१३ ला 'फँड्री' आला. नागराज मंजुळे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडाराच्या घरातला. कैकाड्याचा जब्या डुकरामागं धावतोय, गाव हसतंय, मोबाईलवर शूटिंग करतंय. एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू. अख्खं घर जागच्या जागी ताठ उभं. डुकराला कुठलं राष्ट्रगीत, ते चाललं निघून! पुढं तेच डुक्कर काठीला टांगून नेतात, मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. एक शब्द नाही. माझ्या वीस कविता त्या भिंतीपुढं फिक्या.

आणि शेवटचा दगड. बेनेगलांच्या 'अंकुर'मध्येही १९७४ ला एका पोरानं दगड मारला होता, जमीनदाराच्या खिडकीवर. बघणारा खुर्चीत सुखरूप. जब्याचा दगड सरळ आपल्या तोंडावर येतो. गंमत बघत उभा राहणारा आपल्यातला असला तरी त्यालाही लागतो.

'सैराट'ला (२०१६) आपलेच काही शहाणे म्हणतात, बाजारात विकला गेला. का? आपल्या पोरांनी थिएटरात नाचूच नये? नाचवलं, आणि शेवटी रक्तातली लेकराची पावलं दाखवून गप्प केलं. माझ्या लेखी तो धंदा नाही.

बास. 'आक्रोश'वरून ज्यांना भांडायचंय त्यांनी चहानंतर या. शेवटच्या एसटीपर्यंत मी आहे.